सगळ्या रेघा एका दाराशी

खुर्शीदाने आधी दार लोटलं, मग खिडकीची फळी ओढून घेतली आणि मगच डिंपलच्या हातातल्या काचेच्या पाटीकडे पाहिलं.

"आता दाखव."

"अंधार कशाला केला मावशी? हे उजेडातही दिसतं."

पाटीवर गाव होतं. म्हणजे ते गाव आहे असं डिंपलचं म्हणणं होतं. खुर्शीदाला त्यात ना नाला दिसला, ना मारुतीचं देऊळ, ना माणिकरावांचा दुमजली बंगला, जो सुलतानपूरच्या रस्त्यावरूनही दिसतो आणि दिसावा म्हणूनच बांधलेला आहे. नुसते ठिपके होते, ज्वारी सांडल्यासारखे. मधोमध मात्र एक ठिपका टम्म फुगला होता, आणि चहूकडून बारीक रेघा येऊन त्याला डसल्या होत्या.

"हा एकेक ठिपका म्हणजे एकेक घर," डिंपल सांगू लागली. "मागच्या आठवड्यात मी सगळ्यांना विचारलं ना, बियाणं घ्यायच्या आधी कोणाचं ऐकता? आणि गावात एखादी गोष्ट पोचवायची असेल तर कोणाला सांगाल? ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे रेघ जाते."

"अन् हा मधातला कोन?"

डिंपल हसली. बुलढाण्याच्या कॉलेजात एम.ए. करता करता ती पुण्याच्या एका संस्थेसाठी गावोगाव हे प्रश्न विचारत फिरत होती. कोणी चहा देत होतं, कोणी कुत्रं सोडत होतं. खुर्शीदाने तिला पहिल्याच दिवशी जेवू घातलं होतं, त्यामुळे तिचा जीव जडला होता.

"नाव सांगायचा नियम नाही. सगळं गुप्त असतं." तिने ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट उचलून खुर्शीदाच्या छातीकडे वळवलं. "पण आनंदाची गोष्ट आहे म्हणून."

खुर्शीदाचा हात झटकन पुढे गेला आणि काचेवर पडला. कापसाच्या बोंडांच्या टोकांनी ओरखडलेला, खरबरीत पंजा होता तो. त्याखाली अख्खं गाव झाकलं जायला हवं होतं. पण ती पाटी असल्या कामासाठी केलेली नव्हती. बोटं लागताच ठिपका आणखी मोठा झाला आणि तिच्या पंजाच्या कडेने बाहेर आला.

"माणिकरावाले दाखोलं हे?"

"छे. सोमवारी सगळ्यांनाच दाखवायचं आहे. पुण्याहून सर येणार आहेत. शाळेत पडदा लावू. आणि मधल्या ठिपक्याचा सत्कार. शाल, नारळ."

"आता तं म्हनत होती, गुप्त असते."

"अहवालात गुप्त असतं मावशी. सत्कार जाहीरच करावा लागतो."

खुर्शीदा खाली बसली. सोमवारी शाळेत काय आहे हे डिंपलला ठाऊक नव्हतं. सोमवारी माणिकरावांनी गाव बोलावलं होतं. विषय एकच होता : पिवळ्या पाकिटातलं बियाणं लावायला गावाला सांगितलं कोणी?

*

खुर्शीदाला बियाण्यातलं काही कळत नव्हतं. तिला कापसाच्या वेचणीतलं कळत होतं. तिच्या टोळीत गावातल्या बऱ्याचशा बाया होत्या, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कमरेला ओटी बांधून त्या या शेतातून त्या शेतात जात. वेचणीची मजुरी वजनावर. तेव्हा ज्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बोंड तोंड भरून फुटतं, एका ओढीत कापूस हाती येतो आणि बोटं सोलत नाहीत, ती पऱ्हाटी चांगली. एवढंच तिचं शेतीशास्त्र.

गेल्याच्या गेल्या हंगामात दोन शेतांत पिवळ्या पाकिटाची पऱ्हाटी होती. तिथं वेचताना बाया गाणी म्हणत. खुर्शीदा टेम्पोत बसल्या बसल्या म्हणाली होती, लावा तं असं लावा. नळावर म्हणाली होती. माणिकरावांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची बायको अन्नपूर्णाबाई ताक देत होती, तिथंही म्हणाली होती. यात सल्ला नव्हता, नुसतं बोलणं होतं. पण जून उजाडला, आणि अविनाशच्या कृषी केंद्रासमोर अख्खं गाव पिवळं पाकीट मागायला रांगेत उभं राहिलं. रांगेत माणिकरावांचा गडीही होता. माणिकराव स्वतः कोणाला काही विचारत नसत. ते रात्री जेवताना बायकोला विचारत, आणि सकाळी ते त्यांचं मत झालेलं असे.

मग गुलाबी अळी आली. बोंडं उमललीच नाहीत. उघडून पाहावं तर आत कापसाऐवजी किडकी, पिवळट कवडी, आणि तिच्यात आरामात पहुडलेली अळी. शेजारच्या गावांनी हिरवी, निळी पाकिटं लावली होती, तिथंही आलीच. अळीला रंगाचं वावडं नव्हतं. पण शेजारच्या गावाच्या दुःखाने कोणाचं समाधान होत नाही. कंपनी म्हणाली, आमचं बियाणं चांगलं. कृषी सहायक म्हणाला, मी बैठकीत सगळं सांगितलं होतं. त्या बैठकीला तो आणि खुर्च्या होत्या. अविनाश म्हणाला, लोकांनी मागितलं ते मी दिलं. प्रत्येकाने आपापलं अंग काढून घेतल्यावर प्रश्न तेवढा उरला, की सांगितलं कोणी?

आणि हा प्रश्न विचारायची पद्धत त्या हिवाळ्यात बदलली होती. पलीकडच्या एका गावात बियाणं विकणाऱ्याला लोकांनी दुकानातून बाहेर ओढलं आणि फवारणीचा पंप त्याच्या डोक्यावर रिकामा केला. पंपात साधं पाणी होतं, असं नंतर सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. त्याचे डोळे मात्र अजून उघडत नव्हते.

*

खुर्शीदाचा नवरा जहांगीर गाद्या भरण्याचा कापूस पिंजायचा. पुढच्या खोलीत त्याचं यंत्र होतं, आणि भुवयांपासून पायाच्या बोटांपर्यंत तो कायम कापसाने माखलेला असे. घरात दोघं आपल्या हिंदीत बोलत. ती हिंदी एखाद्या दिल्लीवाल्याने ऐकली असती, तर त्याला मराठी आपोआप समजायला लागली असती.

डिंपल गेल्यावर खुर्शीदाने त्याला सगळं सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं.

"तीस साल से मैं इस घर में बोल रहा," तो म्हणाला, "मेरा कोई नहीं सुनता. और तेरा सारा गाँव सुनता?"

"मस्करी मत करो जी. सोमवार को शाल पहनाएंगे मेरे को. सबके सामने."

जहांगीरच्या डोळ्यांपुढे ते दृश्य हळूहळू आलं असावं. त्याने मिशीवरचा कापूस पुसला. पिंजाऱ्यांची गावाच्या कडेला चार घरं होती, आणि चारही घरांना मागचं दार नव्हतं. याआधी ते कधी जाणवलं नव्हतं.

"लड़की को बोल, नाम काट दे."

"नहीं काट सकती. लोगों ने बोला वही लिखती." खुर्शीदा थांबली. "लेकिन वो फिर से आनेवाली. फेरतपासणी. परसों से घर घर जाके वही दो सवाल फिर पूछनेवाली, जवाब पक्के हैं क्या करके."

जहांगीर तिच्याजवळ सरकला.

"तो लोगों को बोल, कच्चे करो."

*

गोजरबाई टोळीतली सगळ्यांत जुनी बाई. नळावर तिचा हंडा पहिला असे, आणि भरून झाल्यावरही ती शेवटपर्यंत तिथंच असे. संध्याकाळी खुर्शीदाने तिला बाजूला घेतलं.

"गोजरबाई, थ्या पोट्टीनं इचारलं तवा तुनं मायं नाव सांगतलं?"

"नाही बाई! मी काऊन सांगू?" गोजरबाईने पदर सावरला. "सांगतलं. तं काय झालं? आमाले वाटलं काई योजना असन. तुले शिलाई मशीन भेटन, नाई तं गॅस भेटन. सगळ्याईनं तुह्यंच सांगतलं."

"गॅस हाय माह्याजवळ."

"दुसरा भेटला असता."

"आयक. सोमवारी गाव जमून राह्यलं. पाकीट कोनं सांगतलं म्हनून. अन् तिथंच थे पोट्टी मायं नाव पडद्यावर दाखोनार हाय."

गोजरबाईच्या तोंडातलं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. ही गोष्ट क्वचित घडे. तिने नळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणला.

"मंग आता वं माय?"

"थे पुन्हा येनार हाय. माणिकरावाचं नाव घ्या. सगळ्याईनं. त्याईले बी बरं वाटन."

"त्याले तं लयच बरं वाटन," गोजरबाई म्हणाली, आणि हंडा डोक्यावर घेऊन चालू लागली.

खुर्शीदाला वाटलं होतं की आता घरोघर फिरावं लागेल, हातापाया पडावं लागेल. ती फक्त अजून एका ठिकाणी गेली, अन्नपूर्णाबाईंच्या मागच्या दाराशी. तिथं पोचली तर अन्नपूर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "समजलं मले. गोजर इथूनच गेली."

तेवढ्यात आतून माणिकराव आले. हातात अडकित्ता होता.

"काय वं खुर्शीदा, थे बुलढान्याची पोट्टी काय इचारत फिरून राह्यली?"

"आमाले काय समजते दादा."

"गावात कोनाचं चालते, असं इचारते म्हने." त्यांनी सुपारी कातरली. "त्यात काय इचाराचं? कोनी बी सांगन. बरं, सोमवारी तुही टोळी घेऊन येजो. बाया बी पायजेत. पाकीट कोनं सांगतलं थे बायाईले बरोबर माहीत असते."

"हाव दादा."

"सापडला तं सोडत नाही मी त्याले," माणिकराव म्हणाले. यात राग नव्हता. पाहुण्यांना पुढच्या वेळी नक्की या म्हणावं, तशा आवाजात म्हणाले.

अन्नपूर्णाबाईंच्या हातातून सूप जरा कलंडलं. चार दाणे सांडले, ते त्या वेचत बसल्या. खुर्शीदा परत निघाली तेव्हा तिच्या पायात चप्पल एकच होती. दुसरी त्या दाराशी राहिली होती, आणि ती आणायला परत जाण्याचा तिला धीर झाला नाही.

*

फेरतपासणी सुरळीत पार पडली. डिंपल दारोदार फिरली, आणि प्रत्येक दाराने तिला एकच नाव दिलं. बियाण्याचं? माणिकराव. गोष्ट पोचवायची? माणिकराव. एक म्हातारी तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच माणिकराव म्हणाली, आणि वर विचारलं, "बरोबर सांगतलं ना बाई? थे तसंच सांगाचं होतं." मारुतीच्या देवळाचा पुजारी माणिकरावांशी गेली कित्येक वर्षं बोलत नव्हता, त्यानेही डोळे मिटून त्यांचंच नाव घेतलं, कडू औषध गिळावं तसं.

"मावशी, गावाने उत्तर बदललं," संध्याकाळी डिंपल म्हणाली. ती गोंधळली होती. "सगळ्यांनी."

"पयल्यांदा घाईत सांगतलं असन," खुर्शीदा म्हणाली. त्या रात्री ती जेवली.

*

सोमवारी शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना बारदान लावून अंधार केला होता. पुरुष पुढे, बाया मागे. अविनाश दाराजवळच्या बाकावर टेकला होता आणि त्याने चपला काढल्या नव्हत्या. त्याचे ओठ कोरडे पडले होते. तो सारखे जिभेने ओले करत होता. खुर्शीदाने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. आपलेही तसेच होत असतील, असं तिला वाटलं.

पुण्याचे सर भले गृहस्थ होते. बारीक चेहरा, जाड चष्मा, आणि आवाज असा की गावाला वाटावं, हे आपल्याला काहीतरी देणार. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मधोमध मोठा ठिपका. घराचं नाव सांगत नाही, असं म्हणून त्यांनी माणिकरावांना पुढे बोलावलं आणि शाल घातली. टाळ्या झाल्या. बायांच्या बाजूने जरा जास्तच झाल्या.

"गाव मायं आयकते," माणिकराव शाल सावरत म्हणाले, "हे मले नवीन नाही. पन पुन्याच्या लोकाईले बी दिसलं, याचा आनंद हाय."

"मंग दादा," मधूनच तुळशीराम उठला. गोजरबाईचा नवरा, साधा माणूस. डोक्यात आलं की तोंडात यायचं. "गाव तुमचंच आयकते, तं थे पिवळं पाकीट बी तुमीच सांगतलं म्हना की."

एक खुर्ची करकरली. माणिकरावांनी तुळशीरामकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. ती काढावी की ठेवावी, असा क्षणभर त्यांचा हात तिच्यावरच राहिला.

"पाकिटाचा काय दोष हाय त्यात?" ते शेवटी म्हणाले. "हवामान होतं यंदा तसं. अळीले पाकीट समजत नसते. आपन सरकारले निवेदन देऊ."

निवेदनावर गावाचं लगेच एकमत झालं. अविनाशने बाकाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. खुर्शीदाने मुठीत गच्च धरलेला पदर सोडला. गोजरबाईने तिच्या मांडीला हळूच चिमटा काढला. सगळं संपलं होतं. लोक उठायलाच लागले होते.

पण सर अभ्यासू होते.

"एक मिनिट. जाता जाता एक गंमत," ते म्हणाले, आणि पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं आली. "हे आत्ताचं. आणि हे पहिल्या फेरीचं, दहा-बारा दिवसांपूर्वीचं. तेव्हा मध्ये वेगळंच घर होतं. घर कोणाचं ते मी सांगणार नाही. पण पाहा, दुसऱ्या फेरीत अख्ख्या गावाने उत्तर बदललं. एक घर सुटलं नाही. आम्ही एवढी गावं पाहिली, असं कुठं झालं नाही. हे आपोआप होत नसतं. कोणीतरी सांगितलं, आणि ते सगळ्यांपर्यंत पोचलं." त्यांचा चष्मा आनंदाने चमकला. "म्हणजे आमचं पहिलंच चित्र खरं होतं, नाही का? जिला गावाचं उत्तर बदलता येतं, ती व्यक्ती तीच."

डिंपलने मान खाली घातली. पुरुषांपैकी बहुतेकांना काही कळलं नाही. ते चहाची वाट पाहत होते. माणिकरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते सावकाश मागे वळले आणि बायांच्या ओळींकडे पाहू लागले.

बाया समोर बघत होत्या. एकीनेही मान हलवली नाही. गोजरबाई पडद्याकडे, तिच्या शेजारची छताकडे, अन्नपूर्णाबाई आपल्या बांगड्यांकडे. गावात कोणाचं काही निघालं की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, ही इथली रीत. आज एका बाईच्या भोवतीच्या सगळ्या माना ताठ होत्या, जणू तिथं कोणी बसलेलंच नव्हतं.

माणिकरावांची नजर त्या रिकाम्या जागेवर येऊन थांबली.

*

तिन्हीसांजेला ते आले. एकटेच, पायी. पिंजाऱ्यांच्या घरांकडे ते याआधी मतं मागायला आले होते, तेव्हाही जीपमधून उतरले नव्हते. जहांगीरने घाईघाईने स्टूल पुसलं. पुसलं तेवढा कापूस पुन्हा त्याच्यावर बसला. माणिकराव बसले. पाणी दिलं ते प्यायले.

"बरी चालते का मशीन?"

"चालती दादा."

"चालली पायजे," माणिकराव म्हणाले, आणि बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिले. मग खुर्शीदाकडे न पाहताच बोलले. "लोकाईचं कसं असते खुर्शीदा, त्याईले काई तरी लागते. आज मी हवामान म्हनलं. दोन-चार दिवस पुरन. मंग पुन्हा इचारतीन, कोनं सांगतलं. अन् आता तं थे शालीमुळं मलेच इचारतीन."

खुर्शीदा चौकटीला धरून उभी होती.

"अविनाशनं बोगस माल भरला होता," माणिकराव म्हणाले. "पाकीट पिवळंच, आतलं बियानं दुसरं. असं जाऊ दे गावात."

"भरला होता का दादा?"

"मले काय माहीत?" आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुले तरी पिवळ्या पाकिटाचं काय माहीत होतं?"

जहांगीरच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने ते उचललं नाही.

"मायं कोन आयकते दादा," खुर्शीदा म्हणाली. "मी सांगतलं नाही, तं?"

"मंग नको सांगू." माणिकराव उठले. धोतराला लागलेला कापूस त्यांनी एकेक करून वेचून काढला, तिच्या टोळीतल्या बाईने काढावा तितक्या सफाईने. "मी कुठं बळजबरी केली? मी तं सभेत तुह्यं नाव बी घेतलं नाही. अजून."

ते गेले. रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या वहाणांचा आवाज येत राहिला. जहांगीर यंत्रापाशी जाऊन बसला, पण सुरू करेना.

"बोल दे," तो म्हणाला. "अपने चार घर हैं."

खुर्शीदाला शाळेतला दाराजवळचा तो बाक दिसत होता, आणि अविनाशच्या न काढलेल्या चपला.

यंत्रावरचा कापूस झाडत जहांगीर पुन्हा म्हणाला, खालच्या आवाजात, "उसका एकच है."

*

सकाळी नळावर गोजरबाईचा हंडा लागलेला होता. गोजरबाई पायरीवर बसली होती. खुर्शीदा दिसताच सरकून तिने जागा केली.

"काल माणिकराव आला होता म्हने तुह्या घरी?"

"हाव."

"पायी?"

"हाव."

"काय म्हने?"

खुर्शीदाने आपली बादली खाली ठेवली. कडी वाजली. आजवर तिला कोणी काही विचारलं आणि तिने सांगितलं नाही, असं झालं नव्हतं. पावसाचं विचारा, लग्नाचं विचारा, कोणाची म्हैस आटली विचारा. माहीत असेल ते ती सांगे, नसेल ते विचारून येऊन सांगे. सांगायला काही लागत नव्हतं. न सांगायला किती जोर लागतो हे तिला आत्ता कळत होतं. जबडा दुखत होता.

"काई नाही," ती म्हणाली.

"काई नाही?"

"काई नाही. बसला, पानी पेला, गेला."

गोजरबाई हसली. खुर्शीदा हसली नाही, तेव्हा तिचंही हसू थांबलं. तिने खुर्शीदाचा चेहरा नीट पाहिला. डोळे पाहिले, आवळलेले ओठ पाहिले.

"खुर्शीदा, माणिकराव पायी चालत तुह्या दारात येते, अन् काई नाही?"

"नाही म्हनलं ना तुले."

गोजरबाई उठली. हंडा अर्धाच भरला होता, तो तिने तसाच उचलून कमरेवर घेतला. नळ बंद केला नाही. तिचं घर डाव्या हाताला होतं. ती उजवीकडे वळली, मारुतीच्या गल्लीकडे, आणि नेहमीपेक्षा भरभर चालू लागली. हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

खुर्शीदाने हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारून सांगायचं काय, ते तिच्यापाशी नव्हतं.

गोजरबाई पहिल्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "माणिकराव पायी आला होता तिच्या घरी, अन् खुर्शीदा काई सांगत नाही." उंबऱ्यात बसलेली बाई हातातलं काम ठेवून उभी राहिली. दोघींनी एकदा वळून नळाकडे पाहिलं, आणि ती बाई घरात जाऊन नवऱ्याला उठवू लागली. गोजरबाई दुसऱ्या दाराशी गेली. मग तिसऱ्या.